गोळ्या सुटल्या, खुणा राहिल्या

माझी बडी खाला शेवटची चौदा वर्षे सतत तोंड हलवत असे. ओठ मिटायचे, उघडायचे. जीभ मध्येच बाहेर डोकावून आत जायची. जबडा पान चघळल्यासारखा फिरत राहायचा, पण तोंडात पान नसायचे. मोहल्ल्यातल्या बायका म्हणत, ‘पढ रही है बेचारी.’ म्हणजे ती सारखी दरूद पढते, जिक्र करते. ज्यांच्या मनात एवढी माया नव्हती, ते ‘असर है’ म्हणत. आम्ही पोरे काहीच म्हणत नव्हतो, आम्ही तिची नक्कल करायचो. एकदा ती मागे उभी असताना मी तिची नक्कल केली. ती रागावली नाही. पदराने तोंड झाकून आत निघून गेली. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितली नव्हती.

मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ऐंशीच्या दशकात खालाचा एकुलता मुलगा तापाने दगावला. त्यानंतर काही महिन्यांनी तिला आवाज ऐकू येऊ लागले. अब्बांनी तिला शहरातल्या डॉक्टरांना दाखवले. गोळ्या सुरू झाल्या, पुढे दर महिन्याची सुई. आवाज कमी झाले. ती पुन्हा स्वयंपाक करू लागली, लग्नात गाणी म्हणू लागली. हे खरे आहे आणि ते आधी सांगायला हवे. त्या औषधांनी आमची खाला आम्हाला परत दिली होती.

नऊ वर्षांनी एका रमजानमध्ये पूर्ण रोजे धरायचे म्हणून तिने गोळ्या बंद केल्या. सुईलाही गेली नाही. ईद झाल्यावर म्हणाली, ‘मी बरी झालेय, आता कशाला?’ बकरी ईदच्या सुमारास तिचे तोंड हलू लागले. घरच्यांनी दर्ग्यावर नेले, ताईत बांधले. नंतर एका डॉक्टरांनाही दाखवले. त्यांनी विचारले, गोळ्या कधी बंद केल्या? तीन महिने उलटून गेले, असे अब्बांनी सांगितले. ‘मग गोळ्यांचा काय संबंध?’ डॉक्टर म्हणाले. औषध पोटात नाही, तर त्याचा त्रास कुठून येणार? आम्हाला हे पटले. खालालाही पटले. मग दोष कुणाचा? तिच्या नशिबाचा, तिच्या डोक्याचा, किंवा त्या ‘असर’चा.

२००६ साली खाला अल्लाहला प्यारी झाली. तिच्या पत्र्याच्या पेटीत एक घडी घातलेली चिठ्ठी सापडली. तिच्यावर दोन औषधांची नावे होती, क्लोरप्रोमाझिन आणि फ्लुफेनाझिन. या दोन नावांचा माग काढताना जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो आहे.

हकिमांची मुळी

या इतिहासाची सुरुवात आपल्याच देशात होते. सर्पगंधा नावाचे एक झुडूप आहे. युनानी हकीम त्याला ‘असरौल’ म्हणतात. बिहारमध्ये त्याच्या मुळीला सरळ ‘पागल की दवा’ म्हटले जाई. वेडाच्या झटक्यात, निद्रानाशात आणि सापाच्या विषावर ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती.

दिल्लीचे हकीम अजमल खान आपल्याला जामिया मिल्लिया इस्लामियाचे एक संस्थापक आणि १९२१च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून ठाऊक असतात. त्यांची दुसरी ओळख अशी की, जुन्या वैद्यकाची आधुनिक प्रयोगशाळेत पारख व्हावी असा त्यांचा आग्रह होता. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात अशी प्रयोगशाळा उभारण्यासाठी त्यांनी फ्रँकफुर्टमध्ये शिकलेल्या सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला निवडले. १९२७च्या अखेरीस हकीमसाहेबांचे निधन झाले. पण सिद्दीकींनी काम सुरू ठेवले आणि १९३१ साली सर्पगंधाच्या मुळीतून अनेक द्रव्ये वेगळी केली. त्यातल्या एकाला त्यांनी आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले, ‘अजमलीन’. हृदयाच्या ठोक्यांच्या एका विकाराची तपासणी करण्यासाठी हे द्रव्य आजही वापरतात.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते, असा लेख छापला. जगाने तिकडे लक्ष दिले नाही. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा युरोप जागा झाला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य ‘रिसर्पिन’ वेगळे केले. १९५४ साली अमेरिकेत नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने ते मनोरुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. हकिमाच्या बटव्यातली मुळी अशी न्यूयॉर्कच्या इस्पितळात पोहोचली.

मात्र रिसर्पिन फार काळ टिकले नाही. त्याने रक्तदाब घसरायचा, काही रुग्ण खिन्न व्हायचे. आणि तोवर फ्रान्समधून एक वेगळे औषध आले होते.

पॅरिसचा चमत्कार

डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्सच्या रोन-पूलेंक कंपनीत पॉल शारपांतिए यांनी क्लोरप्रोमाझिन तयार केले. ते मनोरुग्णांसाठी नव्हतेच. आंरी लाबोरी या नौदलातल्या शल्यचिकित्सकाने ते शस्त्रक्रियेआधी वापरून पाहिले, तेव्हा रुग्ण जागे असूनही शांत, अलिप्त होतात असे त्याच्या ध्यानात आले. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन इस्पितळात जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिले. जे वर्षानुवर्षे ओरडत होते, स्वतःला इजा करत होते, ते शांत झाले, बोलू लागले.

त्याआधीची स्थिती आठवली की या चमत्काराचे मोल कळते. विजेचे झटके, इन्शुलिन टोचून आणलेली बेशुद्धी, मेंदूची शस्त्रक्रिया, साखळदंड आणि कोठड्या एवढेच उपाय होते. १९५५ साली एकट्या अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. पुढच्या दशकांत ही इस्पितळे रिकामी होत गेली. त्याला कायदे, पैसा अशी इतरही कारणे होती. पण माणसाला घरी पाठवता येईल, हा विश्वास या गोळीने दिला. फ्लुफेनाझिन त्याच कुळातले. त्याची लांब टिकणारी सुई आली आणि रोज गोळी घेण्याची कटकट गेली. खालाची ‘महिन्याची सुई’ ती हीच.

औषध थांबल्यावर दिसणारा आजार

औषधाला बाजारात येऊन पाच वर्षेही झाली नव्हती, तेव्हा जर्मनीतल्या शोनेकर या डॉक्टरने १९५७ साली एक छोटा लेख लिहिला. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्या काही रुग्णांत तोंडाभोवती विचित्र हालचाली दिसत होत्या. १९५९ साली फ्रान्समधून सिग्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसेच लिहिले. १९६० साली डेन्मार्कचे उरब्रांड आणि फावर्ब्यू यांनी आणखी रुग्ण नोंदवले. १९६४ साली फावर्ब्यूंनी या विकाराला ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’ असे नाव दिले. टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारा. उशिरा येणाऱ्या, ताब्यात नसलेल्या हालचाली.

या डॉक्टरांना सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट अशी होती की, औषध बंद केले तरी हालचाली थांबत नव्हत्या. काहींच्या त्या वाढत होत्या. काहींमध्ये तर औषध कमी केल्यावर किंवा थांबवल्यावरच त्या पहिल्यांदा दिसत होत्या. पुन्हा औषध वाढवले की त्या दबत. म्हणजे ज्याने इजा केली, तेच औषध इजा झाकूनही ठेवत होते.

हे का होते? मेंदूत डोपामिन नावाचा एक निरोप्या आहे. ही औषधे त्याचे दार अडवतात. वर्षानुवर्षे दार अडले की मेंदू आपल्या परीने उपाय करतो, दारे वाढवतो, त्यांना अधिक कान देतो. औषध असेपर्यंत हा बदल लपून राहतो. औषध गेले की साधा निरोपही या हळव्या दारांना मोठा वाटतो आणि ओठ, जीभ, जबडा, कधी बोटे आपोआप हलू लागतात. ही उपपत्ती पूर्ण नाही, तिच्यात उणिवा आहेत. पण खालाचे तोंड गोळ्या घेताना नव्हे तर सुटल्यावर का हलू लागले, याचे उत्तर तिच्यात आहे. आमच्या डॉक्टरांचा प्रश्न वाजवी होता. पण त्याचे उत्तर ३०हून अधिक वर्षांपूर्वी छापले गेले होते.

मग जगाने ऐकले का? उशिरा. जॉर्ज क्रेन हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ साठच्या दशकाच्या अखेरीपासून धोक्याची सूचना देत होते. अनेक सहकाऱ्यांना वाटे की हा विकार दुर्मीळ आहे, किंवा म्हातारपणाचा भाग आहे, किंवा मूळ आजाराचाच आहे. १९७३ साली तज्ज्ञांच्या एका कार्यगटाने हा औषधाचा परिणाम म्हणून मान्य केला. १९७६ साली अशा हालचाली मोजण्याची एक साधी पट्टी तयार झाली. रुग्णाला खुर्चीवर बसवायचे, तोंड उघडायला सांगायचे, जीभ बाहेर काढायला लावायची, हात गुडघ्यांवर ठेवून पाहायचे. दहा मिनिटांचे काम. तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही. पुढच्या अभ्यासांतून दिसले की जुनी औषधे घेणाऱ्या तरुण रुग्णांपैकी दरवर्षी शंभरात साधारण पाच जणांना हा विकार जडतो, आणि वयस्कांत हे प्रमाण कितीतरी जास्त असते. नऊ वर्षांत खालाची जीभ बाहेर काढून कुणी पाहिल्याचे आमच्या घरात कुणालाही आठवत नाही.

एक अडचणीची गोष्ट

इथे थांबून मला स्वतःला अडवायला हवे. कारण हा इतिहास वाचताना मी रागात होतो आणि रागात माणूस सोयीचे तेवढेच उचलतो.

१९९६ साली ब्रिटिश आणि चेन्नईच्या डॉक्टरांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तामिळनाडूतल्या गावांतून स्किझोफ्रेनियाचे असे वयस्क रुग्ण शोधले, ज्यांना आयुष्यात एकदाही औषध मिळाले नव्हते. युरोपात असा माणूस सापडणे कठीण, आपल्याकडे दुर्दैवाने सोपे. त्यांच्यातही अशा हालचाली दिसल्या, आणि प्रमाण औषध घेतलेल्यांच्या जवळपासचे होते. म्हणजे हा आजार स्वतःही मेंदूच्या हालचालींच्या भागाला धक्का लावतो. औषध त्यात भर घालते, किंवा जे पुढे कधीतरी आले असते ते आधी आणते. औषधाने हा विकार होतो, यात आता शंका उरलेली नाही. पण एका माणसाच्या बाबतीत किती वाटा कुणाचा, हे सांगणे अवघड असते. खाला चाळिशीच्या आतली होती आणि हालचाल नेमकी औषध सुटल्यावर सुरू झाली, म्हणून मी औषधाकडे बोट दाखवतो. शपथेवर सांगू शकत नाही.

हा विकार फक्त जुन्या गोळ्यांपुरता मर्यादित नाही. नव्या औषधांत त्याचे प्रमाण कमी आहे, शून्य नाही. आणि औषध सुटल्यावर शरीराने हिशेब मागण्याची गोष्ट फक्त याच कुळाची नाही. नैराश्यावरचे पहिले मोठे औषध इमिप्रामिन पन्नाशीच्या दशकात आले आणि १९५९ सालीच ते सोडल्यावर मळमळ, घाम, बेचैनी होते अशा नोंदी छापल्या गेल्या. झोपेच्या आणि चिंतेच्या नव्या प्रकारच्या गोळ्या १९६० पासून आल्या. त्या मोठ्या मात्रेत घेऊन एकदम सोडल्या तर काय होते, हे १९६१ साली लिओ हॉलिस्टर यांनी दाखवले. तरी या गोळ्या निरुपद्रवी आहेत ही समजूत पुढे वीस वर्षे टिकली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर अॅश्टन या प्राध्यापक डॉक्टरांनी १९८२ पासून बारा वर्षे फक्त गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्या रुग्णांचे ऐकत आणि मात्रा थेंबाथेंबाने उतरवत.

आजच्या नैराश्याच्या गोळ्यांचेही तसेच झाले. सोडताना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, चक्कर, मुंग्या, विचित्र स्वप्ने, हे रुग्ण सांगत होते. ब्रिटनच्या २००४च्या मार्गदर्शिकेत हा त्रास साधारणपणे सौम्य आणि आठवडाभराचा असल्याचे लिहिले होते. २०१९ साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आणि नंतर मार्गदर्शिकेनेही मान्य केले की काहींचा त्रास तीव्र आणि लांबणारा असतो. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकाने सांगितले की या गोळ्यांमुळे येणारी लैंगिक अडचण काहींमध्ये गोळ्या थांबल्यावरही राहते आणि तसे माहितीपत्रकात लिहिले पाहिजे. दुसरी बाजूही सांगतो. २०२४ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की खुद्द औषध सोडल्यामुळे त्रास होतो तो साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास त्याहून पुष्कळ कमी लोकांना. म्हणजे बहुतेकांची गोळी नीट सुटते. पण ज्या एकाची सुटत नाही, त्याला ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगण्याचा हक्क कुणालाही नाही.

रमजान आणि गोळी

मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट रमजानची आहे. आपल्या घरांत दरवर्षी कुणीतरी रोज्यांसाठी मनाची औषधे बंद करते. साखरेची गोळी सोडत नाही, कारण साखर वाढली तर मशिनीवर दिसते. मनाचे औषध मात्र सोडतो, कारण मनाचा आजार आपण आजारात धरतच नाही. आजारी माणसाला रोज्यात सवलत आहे, हे कुरआनने स्पष्ट सांगितले आहे आणि त्यात आजार शरीराचा की मनाचा असा भेद केलेला नाही. शिवाय बहुतेक गोळ्यांच्या वेळा इफ्तार आणि सहरमध्ये बसवता येतात. त्यासाठी शाबानमध्येच डॉक्टरांकडे जायला हवे, चाँदरातीला नव्हे.

ज्यांना औषध थांबवायचेच आहे, त्यांनीही ते एका दिवसात तोडू नये. एकदम सोडल्याने मूळ आजार उलटू शकतो, आणि काही गोळ्यांच्या बाबतीत फिट येण्यापर्यंत धोका असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिनोन्‌महिने, शेवटी शेवटी आणखी सावकाश उतरवणे हाच मार्ग आहे. आणि डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला लाजू नये: हे औषध पुढे थांबवायचे झाले तर कसे थांबवायचे? गोळ्या सुटून महिने झाल्यावर अंगात काही वेगळे दिसले, तरी जुनी चिठ्ठी घेऊनच दवाखान्यात जावे. ती चिठ्ठी खालाच्या पेटीत चौदा वर्षे पडून राहिली.

आता या विकारावर इलाजही आहे. १९५०च्या दशकात रोश कंपनीने रिसर्पिनसारखे काम करणारी साधी द्रव्ये शोधताना टेट्राबेनाझिन तयार केले होते. त्याच्याच वंशातली दोन औषधे २०१७ साली अमेरिकेत टार्डिव्ह डिस्कायनेशियासाठी मंजूर झाली. ती विकार मुळातून काढत नाहीत, पण हालचाली कमी करतात. म्हणजे पॅरिसच्या गोळीने केलेल्या इजेवरचा इलाज शेवटी आपल्या असरौलच्या वाटेवरून आला. म्हणून कुणी घरी सर्पगंधाची मुळी उगाळू नये. तिचे धोके वर सांगितलेच आहेत.

गेल्या महिन्यात हे सगळे मी अम्मीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे आपा पढत नव्हती?’

मी म्हणालो, ‘पढतही असेल. पण तोंड त्यामुळे हलत नव्हतं.’

अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘पाहुणे आले की तिला मीच सांगायचे, तू आत बसून जेव, पोरं हसतात. तिला वाटायचं, जरा जोर लावला तर तोंड थांबेल. रात्री आरशापुढे बसून दात दाबून धरायची. मी म्हणायचे, अजून थोडा प्रयत्न कर.’

प्रयत्नाने ते थांबणारे नव्हते, हे मी तिला सांगितले. नक्कल केल्याची गोष्टही सांगितली. अम्मीने माझा हात धरला आणि म्हणाली, जुम्म्याला कब्रस्तानात जाऊ.